कुठं उतरलायसा?

कोल्हापुरात परगावच्या माणसाला 'कुठून आलात' हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'कुठं उतरलायसा?' बैलगाडीच्या काळातला शब्द अजून टिकून आहे, आणि तो नुसत्या चौकशीपुरता नाही. 'शिवाजी पेठेत, आत्याकडं' असं उत्तर आलं की समोरचा आत्याच्या शेजाऱ्यापर्यंत जाऊन ओळख काढतो. 'स्टँडजवळ, लॉजवर' म्हटलं की चेहऱ्यावर थोडी कणव येते. एवढं मोठं गाव आणि या माणसाला उतरायला एक घर मिळू नये! आम्ही 'रिसॉर्टवर' असं सांगितलं तेव्हा बिंदू चौकातले रिक्षावाले मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पन्हाळ्याच्या वाटंवर व्हय? मग कोल्हापुरात अजून कुठं उतरलायसा!"

बोलणं खोटं नव्हतं. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पुण्याहून निघालो ते शिरोलीपाशी हायवे सोडून, शहराला बाजूनं शिवून, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून थेट केर्लीच्या पुढं गेलो होतो. गाडीत आम्ही पाच जण. मुलांना पोहण्याचा तलाव हवा होता, नवऱ्याला दोन दिवस फोन न घेता झोपायचं होतं, आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, अंबाबाई हवी होती. आणखीही एक गोष्ट त्यांना हवी होती, पण ती त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत सांगितली नाही.

'फॅमिली रिसॉर्ट' ही जात आता महाराष्ट्रात सगळीकडं सारखीच दिसते. फाटकाशी फेटा बांधलेला मुलगा, कपाळाला कुंकू, हातात कोकम सरबत. हिरवळीवर फोटो काढण्यासाठी ठेवलेली पुरुषभर उंचीची कोल्हापुरी चप्पल. तलावाशेजारी 'नायलॉनचा पोशाख सक्तीचा' अशी पाटी आणि चार वाजता सुरू होणारा रेन डान्स. जेवणाच्या दालनात एका टोकाला चायनीज, दुसऱ्या टोकाला तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा बरा होता. तांबड्याचा तिखटपणा मात्र मुंबईच्या पोटाचा अंदाज घेऊन इतका खाली आणला होता की आईंनी एक चमचा चाखून वाटी बाजूला सरकवली. रात्री आंघोळीला गरम पाणी आलं नाही. सौर ऊर्जेचं पाणी आधीच्या खोल्यांनी संपवलं होतं म्हणे. तक्रार करायला गेले तर काउंटरवरचा मुलगा स्वतः बादली घेऊन आला. मुलं मात्र एवढी खूश होती की त्यांच्या लेखी इतकंच कोल्हापूर पुरेसं होतं.

पण शनिवारी तारीख एकतीस होती, आणि आई ती घरून ठरवून आल्या होत्या. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांशी, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. ढग, धूर, धूळ, किंवा किरणांच्या वाटेत कुणाचा वाढलेला मजला यातलं काहीही हा क्रम बिघडवू शकतं. शतकांपूर्वी देऊळ बांधणाऱ्यांनी सूर्याचा हिशेब चोख केला. पुढच्या काळात लोक पाण्याच्या टाक्या चढवतील हे त्यांच्या गणितात कुठून असणार?

आम्ही दक्षिण दरवाजाकडून रांगेत शिरलो आणि शेवटी मंडपातल्या पडद्यावरच पाहिलं. एक तांबूस पट्टा उंबऱ्यावरून सरकत गेला. गर्दी एकदम गप्प झाली, मग एकदम बोलू लागली. धाकट्यानं विचारलं, "एवढंच?" आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलल्या नाहीत.

या देवळाचीही एक मुक्कामाची गोष्ट आहे. धामधुमीच्या काळात मूर्तीला धोका होऊ नये म्हणून ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती. १७१५ साली विजयादशमीला, करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली. म्हणजे ज्या देवीच्या गावाला यायचं म्हणून सगळी यात्रा 'उतरायला' जागा शोधते, ती देवी स्वतः कुणाच्या तरी घरी उतरून राहिली होती.

देवळातून निघून मामांच्या रिक्षानं रंकाळ्यावर आलो. चौपाटीवर भेळ घेतली. पाण्याच्या पलीकडं पश्चिमेला अंधारात एक घड्याळाचा मनोरा उभा दिसतो. तो शालिनी पॅलेस. राजकन्या शालिनीराजेंच्या नावानं १९३१ ते १९३४ या काळात काळ्या दगडात आणि इटालियन संगमरवरात बांधलेला. १९८७ साली त्याचं हॉटेल झालं. राजवाड्यात राहायला मिळतं म्हणून तेव्हा लोक आवर्जून यायचे. लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र तिथं काढलेली जोडपी आमच्याही नात्यात आहेत. पुढं हॉटेल बंद पडलं. आता लोक त्याला सिनेमा-मालिकांच्या चित्रीकरणातून जास्त ओळखतात. मुलगी म्हणाली, "आपण इथं का नाही उतरलो?" मामा हसले. "आता तिथं राजाबी न्हाई आन् गिऱ्हाईकबी न्हाई, पोरी."

तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. "हे बांधत होते तेव्हा माझे वडील इथं बघायला यायचे. रविवारी. बोर्डिंगातून चालत."

मी त्यांच्या घरात येऊन सोळा वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

*

रिसॉर्टवर रात्री हवेला एक वास होता. जळक्या साखरेचा नाही, उसाच्या धुराचा. सकाळी उठून भिंतीपलीकडच्या शेतातून त्या धुराच्या दिशेनं चालत गेलो तर पाच मिनिटांवर गुऱ्हाळ. मुलांना वाटलं होतं रसाचं दुकान असेल. समोर जमिनीत खणलेलं चुलवाण, त्याच्यावर दोन माणसं हात पसरून झोपतील एवढी काहील, आणि तिच्यात फसफसणारा रस. खाली एक माणूस वाळलेली चिपाडं सारखी सारत होता. उसाचाच चोथा वाळवून उसाचाच रस आटवायचा, जळण विकत आणायची गरज नाही. वर गुळव्या. त्यानं भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस आत सोडला, तशी काळपट मळी साय धरावी तशी वर आली आणि त्यानं ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढून टाकली. एक आदण उतरायला अडीच-तीन तास लागतात. कधी उतरवायचं हे घड्याळ सांगत नाही, थर्मामीटरही नाही. गुळव्यानं थोडा पाक गार पाण्याच्या भांड्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी केली, आणि गोळी भांड्यावर आपटून आवाज ऐकला. त्या 'टक्' आवाजावर चार जणांनी काहील उचलली. पाक वाफ्यात ओतला, घोटला, आणि घट्ट होता होता साच्यात भरला. बाजूला कालचे तीस-तीस किलोचे रवे कापडात गुंडाळलेले होते.

गुळव्यानं हात पुसत विचारलंच. "कुठं उतरलायसा?" मी भिंतीकडं बोट केलं. "आसं आसं," असं म्हणून त्यानं पळसाच्या पानावर गरम गूळ काढून धाकट्याच्या हातात दिला. पैसे विचारले तर त्याला राग आला. हा गूळ कोल्हापूरच्या बाजारात जातो, आणि तो बाजार म्हणजे शाहूपुरी. राजर्षी शाहू छत्रपतींनी गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, ही पेठ वसवली. व्यापाऱ्याला जागा द्यायची, बाहेरगावच्या शेतकऱ्याच्या गाडीला थांबायला ठिकाण द्यायचं, मग बाजार आपोआप उभा राहतो, हे गणित त्यात होतं. पुढं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुळव्याला त्याचं फारसं कौतुक दिसलं नाही. त्याला भाव काय निघतो यात रस होता.

न्याहारी करून वाघबिळावरून पन्हाळ्याला वर गेलो. पन्हाळ्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकते. तीन दरवाजा, अंधार बाव, तिन्ही अंबारखाने, सज्जा कोठी. शिलाहार भोज राजानं बाराव्या शतकात बांधलेला हा गड अजून नांदता आहे. तटाच्या आत शाळा, नगरपालिका, झुणका-भाकरीच्या टपऱ्या. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळाही आहे, त्यामुळं पाट्या नव्या आणि गाड्या जास्त. मुलांना सगळ्यात आवडली ती १६६०ची गोष्ट. सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराजांना मार्चपासून जुलैपर्यंत वर अडकून राहावं लागलं. बाहेर पडण्याची सोय नसलेला इतका लांब मुक्काम दुसरा कुठला असेल असं वाटत नाही. शेवटी भर पावसात, रात्री, ते विशाळगडाकडं निघाले. वेगळ्या पालखीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद बसला आणि पकडला गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. वर दोघांचेही पुतळे आहेत. धाकटा बराच वेळ शिवा काशीदच्या पुतळ्याशी उभा होता. "त्याला माहीत होतं का, परत येणार नाही ते?" हो, म्हटलं. माहीत होतं.

गडाची एक कमी सांगितली जाणारी गोष्ट ताराबाईंची. कोल्हापूरच्या गादीची सुरुवात या गडावर झाली. ताराबाईंनी १७१० साली मुलाला, शिवाजीला, इथं छत्रपती केलं. चारच वर्षांत सवत राजसबाईंनी डाव उलटवला, आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाई आणि त्यांचा मुलगा त्याच गडावर कैदेत गेले. औरंगजेबाला झुंजवलेली बाई घरातल्या माणसांकडून बंद झाली. राजधानी खाली कोल्हापुरात यायला आणखी काही दशकं गेली.

*

रविवारी दुपारी मामा ठरल्या वेळी आले. आता पोहणं, रेन डान्स सगळं सोडून यायला मुलं तयार नव्हती. त्यांना बापाजवळ ठेवून मी आणि आई निघालो. त्यामुळं पुढचं सगळं शांतपणे पाहता आलं.

टाउन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. भाऊसिंगजी रोडवरची ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं उभी केली. आत एक छोटी काशाची मूर्ती आहे, वीतभरही नाही. दाढीवाला पुरुष, उचललेल्या हातातलं आयुध हरवलेलं. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र इथून घाट उतरून जायचा म्हटलं तरी दिवसाची वाट, मग हा आला कसा? पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. तिथं १९४५-४६ साली हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी खणलं तेव्हा खाली सातवाहनकालीन नगर निघालं: विटांची घरं, भांडी, आणि रोमशी व्यापार असल्याच्या खुणा. ही मूर्तीही त्याच टेकाडातली. कुठल्याशा बंदरावर उतरलेली, बैलाच्या पाठीवरून घाट चढलेली, आणि कुणा सावकाराच्या घरी पोचून दोन हजार वर्षं तिथंच राहिलेली. आईंनी काचेला नाक लावून पाहिलं. "हा तर कुणाच्यातरी देव्हाऱ्यात होता," त्या म्हणाल्या. तसं म्हणायला पुरावा नाही, पण मला त्यांचं म्हणणं पटलं.

मँटच्याच हातून कोल्हापूरचा नवा राजवाडाही झाला, बडोद्याच्या लक्ष्मीविलासचा आराखडाही त्याचाच. आपल्या इमारतींचे हिशेब चुकलेत, त्या कोसळणार, या धास्तीनं शेवटी त्याचं मन ढळलं असं सांगतात. तो १८८१ साली गेला. नवा राजवाडा त्यानंतर तीन वर्षांनी पुरा झाला. एकही इमारत पडली नाही.

आणि मँटचं एक काम इथून हजारो मैलांवर आहे, तेही कोल्हापूरसाठीच. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वीस वर्षांचा पोर, इंग्रजी शिकलेला, रोजनिशी लिहिणारा. व्हिक्टोरिया राणीला भेटून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात तो आजारी पडला आणि ३० नोव्हेंबरला तिथंच गेला. बरोबरच्या मंडळींनी दहन करायचं म्हटलं तेव्हा त्या शहराला हे नवीनच होतं. खास परवानगी काढावी लागली. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्री, चिता रचली. जागा निवडताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर पंचगंगेचा संगम असणार. चार वर्षांनी तिथं छत्री उभी राहिली, मँटच्या आराखड्याची, आत रंगीत फेट्यातला अर्धपुतळा. पुढं शेजारी पूल झाला तर त्याचं नावही 'इंडियन'चा पूल असंच पडलं. उतरलेला पाहुणा परत गेला नाही, आणि त्या गावानं त्याची आठवण पत्त्यात ठेवली.

हे मी मामांना सांगत होते तर ते म्हणाले, "आणि आमच्याकडं पोलंडची माणसं होती की!" वळिवडे. शहरापासून पाच-सहा किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सोविएत रशियात हद्दपार केलेली माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी झाली तशी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी झाली, सुमारे पाच हजार माणसांची. चटईच्या भिंती आणि कौलांच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकगृह. १९४८पर्यंत ती सगळी निघून गेली. बराकी रिकाम्या होतात न होतात तोच फाळणीनं सिंधमधली माणसं आणली आणि त्याच जागेत गांधीनगर वसलं, आज कपड्यांच्या घाऊक खरेदीला लोक जातात ते. पाच वर्षांत एकाच छपराखाली दोन देशांचे घरदार गेलेले लोक राहून गेले. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी आठवणीचा स्तंभ उभारला आहे. मामांची आजी म्हणे गोऱ्या बायका भाजी घ्यायला कशा यायच्या आणि मराठीत भाव कसा करायच्या ते सांगायची.

*

दसरा चौकात मामांनी रिक्षा बाजूला घेतली. शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती हा चौक, आणि चौकाच्या आजूबाजूला गेटांवर जुन्या पाट्या: अमुक बोर्डिंग, तमुक बोर्डिंग. तेव्हा आईंनी मनातलं सांगितलं. त्यांना वडिलांचं बोर्डिंग पाहायचं होतं. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकायला आले होते, १९३३-३४च्या सुमाराला. कुठलं बोर्डिंग, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

"वडलांचं आडनाव काय, आजी?" मामांनी विचारलं.

आईंनी सांगितलं. मामांनी क्षणात हिशेब केला. "मग मराठा बोर्डिंग. व्हिक्टोरिया न्हाईतर प्रिन्स शिवाजी."

मला ते खटकलं आणि खटकायला नको होतं, कारण हिशेब बरोबर होता. शाहूंनी आधी १८९६ साली सगळ्या जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. काही दिवसांत तिथं एकाच जातीची मुलं उरली. बाकीच्यांना पंगतीपासून पाण्यापर्यंत सगळीकडं बाजूला बसावं लागे. मग त्यांनी उलटी वाट धरली. प्रत्येक समाजाला सांगितलं, तुमच्या मुलांचं बोर्डिंग काढा, जागा आणि मदत मी देतो. १९०१ला व्हिक्टोरिया मराठा आणि जैन, १९०६ला मुसलमान मुलांचं, १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव दिलं म्हणजे दरबारी लोक विरोध करायला कचरतील, हा मुत्सद्दीपणा. शिकारीत गेलेल्या धाकट्या मुलाच्या नावानं १९२०ला प्रिन्स शिवाजी. खेड्यातलं पोर शहरात शिकायला येतं तेव्हा पहिली अडचण पुस्तकाची नसते, रात्री डोकं कुठं टेकायचं आणि कुणाच्या हातचं जेवायचं याची असते, हे त्यांना त्यांच्या काळातल्या कुणाहीपेक्षा लवकर कळलं होतं. १९०२ साली संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, पण त्या जागांवर बसणारी माणसं या बोर्डिंगांतून तयार व्हायची होती.

जातवार दारं उघडली म्हणजे दारांवर जात लिहिली गेली, हेही खरंच. त्याचा फटका बसलेला एक विद्यार्थी सगळ्यांना माहीत आहे. कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहायचा. मिस क्लार्कच्या समारंभाला तो गेला, आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यानं नकार दिला, तेव्हा बोर्डिंगातून नाव कमी झालं. त्याला आसरा मिळाला राजवाड्यातच. पुढं कर्मवीरांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव ठेवलं छत्रपती शाहू बोर्डिंग. काढून टाकलेल्या मुलानं काढून टाकणाऱ्या शहराच्या राजाचं नाव दाराला लावलं. याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

चौकातून वळलो की भाऊसिंगजी रोड. इथं एका हॉटेलाची गोष्ट आहे, रिसॉर्टवर चिकटवायला कुणाला सुचणार नाही अशी. गंगाराम कांबळे हा महाराजांच्या पागेतला माणूस. पागेतल्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला बेदम मारलं. महाराज तेव्हा गावी नव्हते. परतल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा झाली, आणि गंगारामला भांडवल मिळालं, स्वतःचा धंदा कर म्हणून. त्यानं याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. स्वच्छ, नीटनेटकं, आणि रिकामं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी रोज फिरायला निघाली की या दुकानासमोर थांबू लागली. छत्रपती गाडीतूनच चहा मागवायचे. बरोबरच्या बड्या मंडळींनाही कप हातात घ्यावा लागायचा, नको म्हणायची सोय नव्हती. पुढं महाराजांनी गंगारामला सोड्याचं यंत्रही घेऊन दिलं. महाराज १९२२ साली गेले. गंगाराम आणि त्याच्या सोबत्यांनी १९२५ साली वर्गणी काढून त्यांचं स्मारक उभं केलं, नर्सरी बागेत. शाहूंचं पहिलं स्मारक ते.

मामा म्हणाले, दोन्ही मराठा बोर्डिंगं पाहायची तर उशीर होईल, जवळ आहे त्या गेटाशी तरी थांबू. गेट जुनं होतं, आत नवी इमारत, दोरीवर टॉवेल वाळत होते. आई बाहेरच थांबल्या. आत जायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. हेच ते की दुसरं, तेही माहीत नव्हतं. त्यांनी चपलेनं फुटपाथवरची एक काडी बाजूला सारली आणि पुन्हा गेटाकडं पाहिलं.

आतून एक पोरगा आला, सतरा-अठरा वर्षांचा, हातात स्टीलचा डबा, बहुतेक गावाकडून एसटीनं आलेला. आम्हाला पाहून थांबला.

"कुणाकडं आलायसा, आजी?"

आई म्हणाल्या, "कुणाकडं नाही रे. माझे वडील राहायचे इथं. खूप वर्षांपूर्वी."

त्यानं आमच्याकडं, मग मामांच्या रिक्षेकडं पाहिलं. त्याला कुठल्या खोलीत, कितव्या सालात असे प्रश्न पडले असतील, पण त्यानं ते विचारले नाहीत. डबा काखेत धरून त्यानं गेटाची कडी काढली.

"मग बाहेर का हुबं ऱ्हायलासा? या की आत. पाणी तरी पिऊन जावा."

वऱ्हांड्यात कोपऱ्यात माठ होता, वर उपडा ठेवलेला एकच स्टीलचा पेला. पोरानं पेला विसळला, भरला आणि आईंना दिला. त्यांनी तो सगळा संपवला, उभ्यानंच, आणि मग माझ्याकडं दिला.